सकाळी सहाची खोली

"दराचं नंतर बोलू. सकाळी सहाला खोली देणार का, ते आधी सांगा."

आमच्या परळच्या ऑफिसात ताईंचा फोन असा सुरू व्हायचा. पलीकडे कोल्हापूरचा, नांदेडचा किंवा सोलापूरचा हॉटेलवाला असे. आमची कंपनी इस्पितळांतली यंत्रे दुरुस्त करते. तंत्रज्ञ रात्रीच्या बसने निघतात, पहाटे पोहोचतात आणि दहाला कामावर हजर होतात. त्यांच्या मुक्कामाचे दर ठरवणे हे ताईंचे काम होते. मी त्या तंत्रज्ञांचा साहेब.

हॉटेलांचा नियम तुम्हाला ठाऊक असेलच: दुपारी दोनच्या आधी खोली नाही. ताईंना हा नियम म्हणजे शुद्ध आगाऊपणा वाटायचा. हॉटेलवाला "पॉलिसी" म्हणाला की त्या चष्मा काढून टेबलावर ठेवत.

"आमचा माणूस शेवटच्या दिवशी सातलाच खोली सोडतो. तुम्ही बारापर्यंत देता ना? ते पाच तास तुम्ही ठेवा. मला सहाची खोली द्या."

एवढे बोलून त्या गप्प बसत. समोरचा दोनदा "हॅलो, हॅलो" करी आणि शेवटी कबूल होई. मग भाव. तोही त्या पाडून घेतच, पण उरलेल्या कामासारखा.

तंत्रज्ञ असो की साहेब, दर सगळ्यांना एक आणि हॉटेलही एकच. एकदा आमच्या डायरेक्टरांनी तक्रार केली की तिथे पोहायचा तलाव नाही. ताई म्हणाल्या, "तलाव दादरला आहे, साहेब. सोलापूरला तुम्ही कामाला चाललाय."

हा सहाचा हट्ट कशासाठी, असे मी एकदा विचारले. त्या लालबागच्या चाळीत वाढलेल्या. वडील गिरणीत, रात्रपाळीला. "बाबा सकाळी आले की आई आम्हा चौघांना गॅलरीत काढायची," त्या म्हणाल्या. "एकच खोली होती रे. आम्ही बाहेर अभ्यास करायचो, ओठ हलवून, आवाज न करता. रात्रभर जागलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा पाहिजे. बाकीचं सगळं नंतर."

मग खर्च कमी करायला कंपनीने नेमलेले सल्लागार आले. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात लॅपटॉप. सगळ्या शहरांसाठी एकच करार, ताईंच्या दरापेक्षा थोडा स्वस्त. सहाच्या खोलीचे काय, असे ताईंनी विचारले. ते हसून म्हणाले, "फ्रेश व्हायला स्टँडवर सोय असतेच की, मॅडम."

ते हसू आठवले की आजही माझे डोके फिरते. या गृहस्थांनी स्टँडवर कधी तोंड तरी धुतले असेल का? रात्रभर बसमध्ये आपटत आलेल्या माणसाने तिथे बादलीसाठी रांग लावायची आणि मग अतिदक्षता विभागातल्या यंत्राला हात घालायचा? हे सारे मला तेव्हाही कळत होते. टेबलाभोवती आम्ही सातजण होतो. ताईंनी एकेकाकडे पाहिले, सर्वांत शेवटी माझ्याकडे. मी पाण्याचा ग्लास उचलला. सल्लागाराचा राग येतोच, पण त्या ग्लासाचा जास्त येतो.

महिनाअखेर ताईंचे टेबल रिकामे झाले. निरोपाला केक आणला होता. त्यांनी तो कापला, सगळ्यांना दिला आणि स्वतः न खाता गेल्या. त्यानंतर माझी माणसे लॉबीत बॅगेवर डोके ठेवून झोपू लागली. मी वर दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही.

गेल्या महिन्यात मी स्वतः कोल्हापूरला गेलो. सहाला हॉटेलात पोहोचलो. काउंटरवरच्या वयस्कर मॅनेजरांनी संगणकात पाहिले. "तुमच्या कंपनीला आता दोन वाजता, साहेब." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "मॅडम कुठं असतात आता?"

"घरी. काढलं त्यांना."

त्यांनी मागच्या फळीवरून किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. "करारात बसत नाही हे. पण मॅडमना शब्द दिलाय मी."

खोलीत जाऊन मी पलंगावर बसलो. इतके दिवस न केलेला फोन केला.

"ताई, कोल्हापूरला आहे. सहाला खोली मिळाली." त्या ग्लासाबद्दलचे पुढचे वाक्य मी बसमध्ये चारदा जुळवले होते. ते सोडून मी बुटाची नाडी सोडू लागलो.

"रात्रभर बसमध्ये होतास ना?"

"हो."

"मग फोन कसला करतोस? झोप," ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.