घड्याळकाकांची तीसची सरासरी

माझ्या लेकीच्या शाळेची व्हॅन चालवणारे काका कधीच उशिरा येत नाहीत, म्हणून आम्ही पालक त्यांना घड्याळकाका म्हणतो. आधी ते पावाच्या कारखान्याचा ट्रक चालवायचे. पाव थंड झाला की दुकानदार परत पाठवायचा. तेव्हापासून वेळ अंगात भिनली, असं ते सांगतात. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. माणूस भला. पण वाटेतल्या पुलाचं काम सुरू झालं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

शाळा बारा किलोमीटर लांब. तासाला तीसच्या सरासरीने चोवीस मिनिटं. लेकीने फाटकावर कार्ड लावलं की माझ्या फोनवर निरोप येतो. पूल ओलांडला की बरोबर निम्मी वाट होते; तिथपर्यंत आता गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, तरी निरोप चोविसाव्या मिनिटालाच.

"काका, जमतं कसं हो?"

"सोपं आहे, ताई. पूल संपेपर्यंत पंधराचा वेग पडतो. पुढे पंचेचाळीसने काढतो. झाली की तीसची सरासरी!"

मी कॉलेजात गणित शिकले आहे. सरासरी एकटी नसते, तिचं मोठं कुटुंब असतं. एका टोकाची बहीण सगळ्यात मोठ्या आकड्याला चिकटते, दुसऱ्या टोकाची सगळ्यात लहानाला. बाकीच्या मधे, आणि ही रांग कधी मोडत नाही. आकडे सगळे सारखे असले तरच सगळ्या एका जागी येतात. बेरीज करून दोनाने भागायची ती काकांची. सारख्या अंतरांवरच्या वेगांना मात्र हरात्मक मध्य लागतो, आणि तो तिच्या खालीच राहतो, लहान आकड्याकडे झुकून. पंधरा आणि पंचेचाळीसचा येतो साडेबावीस. पुढे नव्वदने हाकली तरी तीस होत नाही. विमानाने नेली तर तीसच्या जवळ जाल, पोचणार नाही; कारण चोवीस मिनिटं पूल ओलांडेपर्यंतच संपलेली असतात.

मग माझी पोर पोचते कशी?

तिलाच विचारलं. "काकांनी घरी सांगायचं नाही म्हटलंय," एवढं बोलून तिने दप्तरात डोकं खुपसलं.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून व्हॅनच्या मागे निघाले. गर्दीच्या बरंच आधी ती नदीकाठच्या आडवाटेला वळली आणि एका बंद वखारीच्या आवारात थांबली. मुलं उतरली. मी ओरडणार, तोच काकांनी लांब दोरी काढली. मुलांनी ती धरली आणि पुलाच्या कठड्यालगतच्या पायवाटेवरून ओळ चालू लागली. स्कूटर तिथेच टाकून मीही मागे गेले. पलीकडे दुसरी व्हॅन उभी होती. स्टिअरिंगवर एक बाई.

"या कोण?"

काका दचकले. "ताई, तुम्ही! या... ही आमची मंडळी."

"लायसन्स कधीचं?"

"आहे की."

"कधीचं, काका?"

"दोन महिने झाले," बाईच म्हणाल्या. "यांनीच लपवायला सांगितलं. नवशिकीच्या गाडीत कोण पोरं बसवतंय?"

"आणि ती पंचेचाळीसची थाप?"

"सगळ्यांना पटते हो," काका पुटपुटले. "तुम्हालाच नाही पटली."

शाळेपर्यंत मी लेकीशेजारी बसले, नजर वेगाच्या काट्यावर. तो चाळीसच्या पुढे गेला नाही. बाई वाईट चालवत नव्हत्या, तरी माझा पाय सारखा ब्रेक शोधत होता.

परतल्यावर काकांना म्हटलं, "आजच सगळ्या पालकांना कळवा. नाहीतर उद्यापासून माझी पोर येणार नाही."

"निम्मी मुलं जातील, ताई."

"जाऊ देत."

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला, लायसन्सच्या फोटोसकट. चार मुलं गेली. माझी राहिली, मात्र दोरीचं मागचं टोक आता मी धरते.

आज निरोप बाविसाव्या मिनिटाला आला. पूल ओलांडेपर्यंत नेहमीची पंधरा मिनिटं गेली होती, तिथवर मी मुलांसोबतच होते. उरलेल्या सात मिनिटांत सहा किलोमीटर, म्हणजे एक्कावन्नचा वेग. उद्या बाईंना विचारणार आहे.