मोटारीखालचे रंगराव

रंगराव जाधवांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. बडोद्याच्या बाबाजीपुऱ्यात मी नुकतेच बिऱ्हाड केले होते आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून दिवसभर येणारा हातोडीचा आवाज बंद करावा, असे बजावण्यासाठी गेलो होतो. शेडमध्ये एक जुनी अमेरिकन मोटार मागच्या बाजूने उचलून ठेवलेली होती आणि तिच्याखालून दोन अनवाणी पाय बाहेर आले होते. मी न्यायमंदिरासमोर बसून अर्ज लिहिणारा मनुष्य. माझ्याशी बोलताना पक्षकार अदबीने उभे राहतात. येथे मात्र त्या पायांकडूनच मला विचारणा झाली, "कोण? चालीवरून सरकारी वाटता."

"सरकारी नव्हे, सरकारला लिहिणारा," मी म्हणालो.

"मग बसा. तुम्हाला वाट पाहायची सवय असेलच."

मी बसलो, परंतु तक्रार विसरलो. माझी नजर खिळली होती ती वीत-दीड वीत उंचीच्या एका लोखंडी जॅकवर. त्या एवढ्याशा वस्तूने ती अजस्र मोटार तोलून धरली होती आणि तिच्या पोटाखाली एक जिवंत मनुष्य पडल्या पडल्या गप्पा मारीत होता. त्या दिवशी जी भीती माझ्या मनात शिरली ती आज रंगराव नसतानाही पूर्णपणे गेलेली नाही.

रंगराव शिलेदाराचे पुत्र. वडील राज्याच्या पागेत होते. मुलाच्या वाट्याला मात्र घोड्याऐवजी मोटार आली आणि ते एका सरदारांच्या पदरी चालक म्हणून राहिले. पुढे त्या मोटारीचा मागचा आस मोडला. ज्यांनी मोटार केवळ रस्त्यावरून जाताना पाहिली आहे त्यांच्या माहितीसाठी लिहितो, की इंजिनाचा जोर मागच्या चाकांना वाटून देणारी दातेरी चक्रे ज्या लोखंडी नळीत असतात, तिला आस म्हणावे. कारागीर 'एक्सल' म्हणतात. सरदारांनी नवी मोटार घेतली आणि जुनी रंगरावांना बक्षीस दिली. लोकांनी ती भंगारात घालण्याचा सल्ला दिला. रंगराव म्हणाले, "घोडा लंगडला की माझा बाप बंदूक नव्हता शोधत, आधी नाल बघायचा." आणि त्यांनी घरीच दुरुस्तीस आरंभ केला.

त्यांचा एक विशेष असा, की समोर जो असेल त्याची भाषा ते बोलत. आमच्या बडोद्यात पुष्कळांना दोन भाषा येतात, परंतु रंगरावांना त्या अशा येत की आपण कोणती बोलतो आहोत हे त्यांचे त्यांनाच कळत नसावे. शेजारचे मगनभाई सुतार आले की "आवो, आवो, बेसो". मेहुणे यशवंतराव आले की "या, बसा". आणि मोटारीला चावी मारताना न चुकता "प्लीज". मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "सातासमुद्रापलीकडची बाई ती. तिला 'चल गं' म्हटलं तर हलेल होय?"

मला हे पसंत नव्हते. श्रीमंत सरकारांनी शिक्षण सक्तीचे केले तेव्हा माझे वय सक्तीच्या पलीकडे गेले होते, त्यामुळे माझे शालेय शिक्षण अपुरे राहिले. तथापि मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत मी अर्ज लिहितो आणि एका अर्जात दुसरी भाषा शिरू देत नाही. शब्द सरमिसळ झाले की अर्थ पातळ होतो, असे मी त्यांना एकदा स्पष्ट सांगितले. ते हसून म्हणाले, "अर्जनवीस, अहो, दुधात पाणी घालणारे सगळेच चोर नसतात. काहींना चहा करायचा असतो."

त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांना ते मोटारीखाली गेले की स्वयंपाक सुचत नसे. त्या उंबरठ्यावर शेडकडे तोंड करून बसत आणि थोड्या थोड्या वेळाने हाक मारीत, "अहो?" आतून शब्द येत नसे, कारण रंगरावांच्या तोंडात खिळे नाहीतर बोल्ट असे. परंतु उजव्या पायाचा अंगठा हले. तो हलला की बाईंचा श्वास खाली बसे आणि, खरे सांगायचे तर, माझाही.

तो प्रसंग एका दुपारचा. मागची चाके काढली होती. आता मोटारीची चौकट लाकडी ठोकळ्यांवर टेकवून आस बाहेर काढायचा होता. ठोकळे मगनभाईंनी करून आणले होते. जॅकचा दांडा यशवंतरावांच्या हाती होता. हे पार्वतीबाईंचे थोरले बंधू, एका शाळेत कारकून, स्वभावाने इतके पापभीरू की झुरळालाही झाडूने वाट दाखवीत. जॅक दात्यांचा होता. दांडा मारला की मोटार एक दाता चढे आणि बाजूची लहान कळ फिरवली की त्याच दांड्याने ती एक एक दाता उतरे. यशवंतरावांनी कळ उतरण्याच्या बाजूस फिरवून ठेवली होती. "ठोकळे नीट लागले की सांगतो, मग उतरवा," असे रंगरावांनी त्यांना बजावले होते.

एका बाजूचे ठोकळे बसले. दुसऱ्या बाजूस उंची थोडी कमी पडली, म्हणून मगनभाई एक फळी आणावयास आपल्या दुकानात गेले. रंगरावांना मोटारीखाली रिकामे पडून राहवले नाही. त्यांनी आसाचे बूच उघडले आणि आतले जुने काळे तेल डब्यात सोडले. डबा भरत आला. इतक्यात फळी घेऊन मगनभाई परतले. रंगरावांना त्यांचे पाय दिसले आणि ते मगनभाईंशी मगनभाईंच्या भाषेत बोलले: "खाली करो."

गुजरातीत खाली म्हणजे रिकामे. डबा रिकामा करा, एवढाच त्यांचा आशय. मराठीत खाली म्हणजे हेठे. आणि 'करो' व 'करा' यांत अंतर किती, तर एका मात्रेचे. ती मात्रा मोटारीच्या पोटाखालून बाहेर येईपर्यंत कोठे गळून पडली ते कोणास सांगता येईल? त्या एका शब्दावर दोन माणसे एकाच वेळी कामास लागली. मगनभाई डबा घेण्यास वाकले आणि यशवंतरावांनी दांडा दाबला.

कट्. पुन्हा कट्. आणखी एकदा.

मोटार कोसळली असती तर मला वाटते इतकी भीती वाटली नसती. ती सावकाश, आज्ञाधारकपणे उतरली. आसाच्या मध्यभागी जो गोळ्यासारखा फुगीर भाग असतो तो रंगरावांच्या छातीवर टेकला आणि त्यांचा आवाज बाहेर निघण्याआधीच आत दाबला गेला. आम्हाला दिसले ते इतकेच, की दोन्ही टाचा जमिनीवर घासल्या आणि थांबल्या.

"अहो?" पार्वतीबाई उंबरठ्यावरून म्हणाल्या.

अंगठा हलला नाही.

मग एकच कल्लोळ झाला. मगनभाई ओरडले, "ऊंचुं करो, ऊंचुं." बाई ओरडल्या, "दादा, वर घे, अरे वर घे." यशवंतराव दांडा धरून तसेच उभे. वर घेण्यास दांडाच मारावा लागतो हे त्यांना ठाऊक होते. कळ अजून उतरण्याच्या बाजूस आहे हे त्या घटकेस ठाऊक नव्हते. त्यांनी दांडा उचलला. आणखी एक दाता उतरला असता तर हे व्यक्तिचित्र लिहिण्याचे कारण उरले नसते.

तेवढ्यात खालून आवाज आला. आवाज कसला, दाराच्या फटीतून वारा यावा तसे काहीसे. "हात... लावू नका." मग बराच वेळ काही नाही. मग, "आधी... भाषा ठरवा." आणि अखेरीस, "अर्जनवीस... तुम्ही बोला. एकटे."

मी आयुष्यात पुष्कळ लिहिले आहे, परंतु प्रत्येक शब्दावर एक मनुष्य श्वास रोखून पडला आहे अशा स्थितीत कधी बोललो नव्हतो. मी म्हणालो, "यशवंतराव, दांडा सोडा." त्यांनी सोडला आणि ते जमिनीवर बसले ते उठेचनात. मग मी मगनभाईंना गुजरातीत आणि फक्त गुजरातीत सांगितले, की आधी कळ फिरवा, मला दाखवा, मी पाहिल्याशिवाय दांड्याला स्पर्श करू नका. त्यांनी दाखवली. मी वाकून पाहिली. मग म्हणालो, "हवे ऊंचुं करो." मोटार चढू लागली. रंगरावांच्या छातीतून जो आवाज निघाला तो ऐकून पार्वतीबाईंनी कान झाकले. मला तो ऐकून देवळातली घंटा ऐकल्यासारखे वाटले, कारण तो श्वासाचा होता.

बरगड्या मोडल्या होत्या. हाडवैद्याने पट्टे बांधले आणि सक्त विश्रांती सांगितली. रंगराव भिंतीला टेकून बसू लागले, हसू आले की कळवळू लागले. यशवंतराव मात्र बहिणीच्या घराकडे फिरकेनात. आळीत कुजबुज सुरू झाली होती. मेहुण्याने मेहुण्याला मोटारीखाली दाबले, आता ते चुकून की ठरवून, अशी ती कुजबुज. एके सकाळी यशवंतराव माझ्या बैठकीसमोर येऊन उभे राहिले. चेहरा पार उतरलेला.

"एक अर्ज लिहा. फौजदार साहेबांना."

"विषय?"

"मी रंगरावांच्या जिवावर उठलो होतो, असा."

"उठला होता काय?"

"नव्हतो. पण हाताने केलंच ना. रात्री हात आपोआप हलतो हो. कट् करून ऐकू येतं. शाळेत टाक धरवत नाही. एकदा शिक्षा झाली म्हणजे थांबेल."

मी अर्ज लिहिला नाही. मनुष्य स्वतःविरुद्ध खोटा अर्ज देऊ पाहतो तेव्हा तो अर्ज फौजदाराकडे नव्हे, ज्याच्या जिवाविषयी आहे त्याच्याकडे न्यावा, असे माझे मत आहे. मी संध्याकाळी सारी हकीकत रंगरावांना सांगितली. त्यांनी छातीवरच्या पट्ट्यांवरून बोटे फिरवली.

"मगनभाईंनी उतरवून नेलेला आस तयार झालाय," ते म्हणाले. "दाते बसवून आणलेत. परवा चढवू. दांड्यावर यशवंतराव."

पार्वतीबाई आतून बाहेर आल्या. "माझा नवरा खाली आणि माझा भाऊ वर. दोघांतला कोणीही गेला तरी रांडव मीच व्हायची, कपाळाने नाहीतर माहेराने. दुसरा माणूस मिळत नाही गावात?"

"मिळेल की. पण त्याची झोप कुठं उडालीय?" रंगराव म्हणाले. "मेहुण्यानं मला दाबलं हे आळीनं पाहिलं. मेहुण्यानंच मला सांभाळलं हेही पाहू दे."

मी माझ्या परीने तोडगा सुचवला. ज्या शब्दाने घात केला तो टाळावा आणि 'अधोदिशेने' असा निःसंदिग्ध शब्द वापरावा. रंगराव म्हणाले, "तो म्हणून होईपर्यंत मी वरच्या दिशेनं गेलेलो असेन."

त्या दिवशी आळीतली माणसे काही ना काही निमित्ताने शेडभोवती जमली. आस आता चाकांवर आपल्या पायांनी उभा होता आणि वर मोटारीची चौकट जॅकवर तरंगत होती. ती एक एक दाता उतरवून आसावर बसवलेल्या पोलादी कमानीचे, म्हणजे कारागिरांच्या 'स्प्रिंग'चे, भोक चौकटीच्या भोकाशी जुळवायचे, आणि जुळले त्याच क्षणी थांबायचे. जुळले की नाही हे पाहण्यास डोळा पोचत नव्हता. बोट आत घालूनच समजत होते. एक दाता अधिक उतरला तर बोट जागच्या जागी कापले जाणार होते. पट्टे बांधलेल्या छातीने रंगराव पाठीवर सरपटत आत गेले. यशवंतराव दांड्याशी उभे होते. पार्वतीबाई या वेळी उंबरठ्यावर नव्हत्या. भावाच्या शेजारी येऊन उभ्या होत्या.

"यशवंतराव," खालून स्वच्छ आवाज आला, "खाली करा."

हात हलला नाही. कोणीतरी खाकरले. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तो पुसण्याचीही मला भीती वाटत होती, की माझी हालचाल पाहून ते दांडा दाबतील.

"मेहुणे, बोट माझंच आहे. घाई तुम्हाला नाही, मलाही नाही. एक दाता."

कट्.

"अजून."

बराच वेळ काही नाही. मग कट्.

"अर्धं भोक दिसतंय माझ्या बोटाला. अजून एक, आणि मग मी देवाला हाक मारली तरी हलायचं नाही."

यशवंतरावांनी डोळे मिटले. पार्वतीबाई म्हणाल्या, "दादा, डोळे उघडे ठेव." त्यांनी उघडले. दांडा दाबला.

कट्.

खालून काहीच आवाज आला नाही. न हाक, न हुंकार. माझ्या मनाने तेवढ्यात रक्त पाहिले, तुटलेले बोट पाहिले, आळीचे चेहरे पाहिले. मग बोल्ट आत सरकल्याचा एक जड, तेलकट आवाज झाला आणि पान्याचे फेरे ऐकू येऊ लागले. रंगराव सावकाश सरपटत बाहेर आले आणि बरगड्या धरून उठून बसले. यशवंतरावांची मूठ अजून दांड्यावर आवळलेली होती. ती सोडवावी हे त्यांना समजत होते, जमत नव्हते. रंगराव उठले, आपल्या काळ्या हातांनी त्यांनी ती मूठ धरली आणि बोटे हळूहळू उकलली. मग मेहुण्याचा तोच हात आपल्या हातात घेऊन ते त्यांना मोटारीच्या पलीकडे घेऊन गेले.

"चला," ते म्हणाले, "ही बाजू झाली. डावी राहिलीय."