वानरांच्या हिरड्या आणि चाचांची बिस्किटं

वानरांच्या तोंडाचे माझ्याकडं इतके किस्से साचलेत, की लग्नाच्या पंगतीत लोक माझ्या शेजारची जागा सोडून बसतात. काय करणार? दोन वर्षं मी पुण्याच्या एका संशोधक मॅडमची जीप चालवली, आणि मॅडमचा विषय होता रानातल्या वानरांच्या हिरड्या.

•

हिरड्या दिसणार कधी? वानर जांभई देईल तेव्हा! म्हणून आम्ही घाटात कॅमेरा लावून जांभईची वाट बघायचो. वानराला आली की मॅडमना यायची, त्यांची बघून मला. एकदा मोठ्या नरानं मस्त जबडा फाडला आणि नेमके आमचे दोघांचे डोळे मिटलेले. फोटो गेला.

घरी बायकोनं विचारलं, आज काय काम केलं? जांभया दिल्या म्हटलं. खोटं कशाला बोलू?

•

अमडापूरच्या बाजारात एका आजोबांनी जीपसमोरच आ वासला. "वांदराचं पाह्यता, मंग मायं काऊन नाही?"

मॅडम भल्या. टॉर्च मारून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "आजोबा, वानरांचं बरं आहे."

आजोबांनी गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा दुसऱ्या गालात सरकवला. "थे काय खातेत?"

अहो, आमचं अख्खं संशोधन तेवढंच होतं! आत रानातला कळप पाला, शेंगा, साली चावून खायचा. त्यांच्या हिरड्या घट्ट. रस्त्याकडच्या कळपाला येणारे-जाणारे बिस्किटं, केळी द्यायचे. मऊ आणि गोड दाताला चिकटून राहायचं, हिरड्या लाल होऊन सुजायच्या.

•

त्या रस्त्यावर रहीमचाचांची चहाची टपरी. तिथं एक म्हातारी वानरीण रोज यायची. चाचा तिला बुढी म्हणायचे. तिचं तोंड दुखतं म्हणून चहात बिस्कीट भिजवून तिच्या हातावर ठेवायचे.

बुढीचा फोटो मिळाला. हिरडीत पू, दोन दात हलणारे. चाचांना सांगायचं कोणी? मॅडम म्हणाल्या, तुम्ही सांगा. मी म्हटलं, मी ड्रायव्हर आहे. तीन दिवस आम्ही नुसता चहा पिऊन परत आलो.

चौथ्या दिवशी मॅडमनी फोटो दाखवला. बिस्किटं अशीच चालली तर ती खायचीच थांबेल, म्हणाल्या.

चाचांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "म्हंजे हे म्या केलं?"

मला फार वाईट वाटलं.

•

दुसऱ्या दिवशी बुढी आली, हात पुढं केला. चाचा भिंतीकडं तोंड करून बसले. तिनं सदरा ओढला, तरी वळले नाहीत. दोन दिवस असंच. बुढी उपाशी, आणि चाचाही जेवत नव्हते.

तिसऱ्या दिवशी बघतो तर चाचा बाभळीखाली, बुढीच्या समोर उकिडवे बसलेले. हातात हिरव्या शेंगा. एक स्वतः चावत होते. तुरटपणानं तोंड पार वाकडं झालेलं, पण तिला सांगत होते, "लय मस्त लागते. खाऊन तं पाह्य."

बुढीनं हात लांबवला, त्यांच्या तोंडातली चावलेली शेंग काढून घेतली आणि हळूहळू चावायला लागली.

चाचांनी आमच्याकडं बघितलं. डोळे भरलेले.

"मॅडम, चावून देलं तं चालते ना?"