वनमाला सिस्टर आणि जमिनीवरची गादी

सरकारी दवाखान्यातल्या नर्स उद्धट असतात, असं म्हणणाऱ्यांनी आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस पडून बघावं. मी पडलो होतो, मोटारसायकलवरून आपटून, पाय प्लास्टरमध्ये. पुरुष वॉर्डात खाटा तीस, पेशंट एकेचाळीस आणि दिवसपाळीला नर्स एक. त्या वनमाला सिस्टर, घाटनांदूरच्या. इंजेक्शनं, सलाइन, ड्रेसिंग त्यांनीच करायचं, वर सात रजिस्टरं, आणि तेच सगळं पुन्हा संगणकात. शिपाई आला नाही तर ऑक्सिजनचा सिलिंडरही त्यांनीच ढकलायचा. माझं तर डोकं फिरायचं नुसतं बघून.

माझ्या शेजारी सिदूबाबा होते, कडा गावाकडचे मेंढपाळ. साखरेचा आजार, पायाला चिघळलेली जखम. साखर उतरली तर पाय वाचेल, नाहीतर कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण बाबा तीन दिवस झोपलेच नाहीत. जेवण नको, औषध नको, घरी जातो हा एकच घोषा. आधीच्या पाळीत कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’ वनमाला सिस्टरांनी ते वाचलं आणि तोवर कुणालाच न सुचलेलं केलं. त्यांनी बाबांनाच विचारलं.

“बाबा, कावून झोपत न्हाईत तुमी?”

“बाय, जलम मेंढरामागं गेला. ह्या खाटंवर डोळा लागला की पडल्यावानी होतंय. पाठीला जिमीन लागत न्हाई.”

त्याच दुपारी सिस्टरांनी फरशी फिनेलनं पुसून घेतली, भिंतीकडेला गादी टाकली आणि बाबांना खाली घेतलं. बाबा नऊ तास झोपले. आठवड्यात साखर उतरली, जखम भरू लागली. ड्रेसिंगला सिस्टर फरशीवर मांडी घालून बसायच्या आणि कंबर धरून उठायच्या.

मग तपासणी समिती आली. सकाळीच दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी जास्तीच्या पेशंटना घरी पिटाळून वॉर्ड देखणा केला होता. तेव्हाच त्यांना बाबांची गादी दिसली.

“हे काय? फोटोत येईल. वर घ्या त्यांना.”

“साहेब, ते खाटेवरून पडतील.”

“ही काय त्यांची सासुरवाडी आहे, एकेकाचे लाड पुरवायला?”

बाबांना खाटेवर चढवलं. सिस्टर म्हणाल्या, निदान मला वॉर्डात थांबू द्या. तेही नाही. समितीपुढे रजिस्टरं धरून उभं राहायला त्याच हव्या होत्या! बाबांची बायको कडूबाई, तिलाही गर्दी नको म्हणून फाटकाबाहेर काढलेलं. अकराच्या सुमाराला बाबांचा डोळा लागला. ते दचकले, हातानं जमीन चाचपायला गेले आणि खाली कोसळले. मी गळा फाटेस्तोवर हाका मारल्या. सिस्टर तेव्हा ऑफिसात कुठल्या रकान्यात सही राहिली ते ऐकून घेत होत्या.

खुबा मोडला. साहेबांनी अहवाल तयार केला, ‘रुग्ण सूचना न पाळता खाटेवरून उतरला,’ आणि सहीसाठी वॉर्डात आणला. एवढी लाज सोडलेली माणसं मी पाहिली नव्हती. सिस्टरांनी सही केली नाही. खाली लिहिलं, ‘रुग्ण पडेल हे मी सकाळी सांगितलं होतं.’

“बदली होईल,” साहेब म्हणाले.

“करा. खोटं मात्र मी लिहिणार न्हाई.”

संध्याकाळी बाबांना बीडला न्यायला गाडी आली. कडूबाईनं सिस्टरांचा हात धरला.

“बाय, तिथल्या बायांला सांग की, ह्यांला खाली झोपवा म्हणून.”

सिस्टर म्हणाल्या, “मावशी, आता न्हाई जमायचं. खुबा मोडलाय. आता खाटंवरच ऱ्हावं लागंल, लई दिवस.”

स्ट्रेचरवर बाबांनी दोन्ही कडा घट्ट धरून ठेवल्या होत्या. डोळे मिटायला ते तयार नव्हते.