पाळकांची तालीम

निगडीच्या माळावर आमच्या सेमिनरीच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाच्या, भिंती उभ्या राहत होत्या, तेव्हा आम्ही जेमतेम सात विद्यार्थी होतो. भिंती बांधणारा गवंडी तळवड्याचा. नाव मी कधी विचारलं नाही. ‘इथं पाळकांची तालीम होणार,’ असं प्राचार्यांनी त्याला सांगितलेलं, आणि त्याला तालीम ठाऊक ती कुस्तीची. आमच्या काडीसारख्या दंडांकडे तो काळजीनं बघायचा आणि लाल मातीचा हौदा कुठं खणायचा, हे रोज विचारायचा. इथं उपदेश करायला शिकवतात हे कळल्यावर तो पोट धरून हसला. पण आम्हाला ‘पैलवान’ म्हणणं काही सोडलं नाही.

माझ्या पहिल्या उपदेशाच्या वेळी सेमिनरीच्या चर्चला छप्परही नव्हतं. दोन वाक्यं बोललो आणि पुढचं सगळं विसरलो. बाहेर विटांच्या ढिगावर येऊन बसलो. आता गावी परत जायचं, एवढंच डोक्यात होतं.

चुन्याची थापी ठेवून गवंडी जवळ आला.

“पडला व्हय, पैलवान? आरं, पडायसाठीच तालीम असती. पाठीची माती झटकायची अन् पुन्हा उतरायचं!” असं म्हणत त्यानं माझी पाठ धपाधपा झटकली.

मी आत गेलो. बायबल उचलायला पाठ फिरवली आणि सगळे खो खो हसले. माझ्या काळ्या कोटावर चुन्याचे पांढरेशुभ्र पंजे उमटले होते. मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता मी बोलू लागलो.

आता तिथं तीन मजले झालेत आणि उपदेश मीच शिकवतो. कुणी मध्येच अडखळून गप्प झालं, की मी दोन्ही तळवे खडूच्या भुकटीत घोळवतो आणि त्याच्याकडे निघतो.