हसलं तर टाके उसवतात

सिझरचे किस्से मी सांगायला बसले की पाचव्या मिनिटाला एखादी बाई पोट धरते आणि म्हणते, "अक्का, पुरे! टाके दुखतात!" जिचं पोर आता विद्यानगरला कॉलेजात जातं, तीसुद्धा म्हणते! हुबळीतल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात मी सारा जन्म आया होते. बेडपॅन उचलता उचलता किस्से साठत गेले. बेडपॅन धुऊन परत दिले, किस्से अंगावरच राहिले. पण सगळ्यात झकास किस्से मिळाले रिटायर झाल्यावर, आणि तेही घरातच.

माझी सून सुजाता सिटी बसची कंडक्टर. ती पुढच्या दारात हसली की मागच्या दारातला माणूस दचकून तिकीट काढायचा, असलं हसणं! सिझर झालं, मुलगी झाली, आणि त्या हसण्याला कुलूप लागलं. टाके उसवतील म्हणून. आणि बिचारीला सासू कोण मिळाली? मी!

* * *

पोट उघडून शिवलं की आतली आतडी रुसून बसतात. वारा सरेपर्यंत दवाखान्यात कुणी घास देत नाही, नुसते पाण्याचे घोट. नीलव्वा सिस्टर माझ्या ड्यूटीच्या दिवसांपासूनची, आवाज लाऊडस्पीकरसारखा. दर तासाला वॉर्डच्या दारातून ओरडायची, "सुजाता, गाळी होतेन?" म्हणजे, वारा सरला का?

सुजाता चादरीत तोंड घालायची. ही तीच पोरगी, जी भर बसमध्ये टग्यांना कॉलर धरून खाली उतरवते!

माझा मुलगा मिलिंद गोकुळ रोडच्या एका वर्कशॉपात लेथवर काम करतो. त्याचा सारखा फोन. "आई, झालं का?"

"नाही रे."

"इथं सगळे विचारतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे दीर बघायला आले. कॉटच्या पायथ्याशी उभे राहून गंभीरपणे म्हणाले, "तब्येत कशी आहे, बाळ?" आणि तेवढ्यात तब्येतीनंच उत्तर दिलं! दीर छताच्या पंख्याकडे बघायला लागले. नीलव्वा कॉरिडॉरमधून ओरडली, "ऐकलं! चहा द्या तिला!"

मी मिलिंदला फोन लावला. म्हटलं, "झालं रे!" आणि पलीकडून टाळ्या ऐकू आल्या. मशिनी बंद करून टाळ्या! मुलगी झाली तेव्हा नुसते पेढे वाटले होते.

* * *

त्याच दिवशी तिला उभी केली. सिझरची बाई पहिल्यांदा चालते ती हरवलेली सुई शोधल्यासारखी, कमरेत वाकून. मी मागून तशीच वाकून चालायला लागले. शेजारच्या कॉटवरची फिस्सकन हसली, सुजातानं वळून बघितलं, आणि हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं.

"अक्का, तुम्ही घरी जा हो! माझं पोट फाटेल!"

डॉक्टरीणबाई राउंडला आल्या होत्या. म्हणाल्या, "हसण्यानं काही टाके उसवत नाहीत. पोटावर उशी दाबून धर आणि हस खुशाल."

त्या गेल्यावर सुजाता मला म्हणते, "त्यांनी स्वतः शिवलंय, त्या असंच म्हणणार!"

पण उशी मात्र तिनं घट्ट धरली. शिंक आली, उशी. खोकला आला, उशी. मी तोंड उघडलं, उशी! घरी आलो तेव्हा रिक्षात एका हातात पोरगी आणि एका हातात उशी. शेजारची पोरं विचारत होती, "अक्का, जुळी झाली काय?"

* * *

घरात मिलिंदनं फर्मान काढलं. "आई, टाके वाळेपर्यंत तू विनोद करायचा नाही." बरं म्हटलं. गप्प बसले. गप्प बसूनही पुष्कळ करता येतं!

आमच्या शेजारी मंगलाबाई, त्यांचं कापडाचं दुकान. बाळंतिणीचं पोट बांधायला त्या स्वतःची जुनी मऊ नऊवारी घेऊन आल्या. डॉक्टरीणबाईंनी तर बेल्ट दिलेला, मग साडी वाया कशाला घालवायची? मिलिंद जेवून आडवा झाला होता. मी एक शब्द न बोलता त्याच्या पोटाला ती साडी गुंडाळली आणि वर गाठ मारली. सुजाता उशीत तोंड घालून थरथरत होती.

थट्टेची थट्टा, पण एका महिन्यानं खरंच पंचाईत झाली. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू मी करायचे आणि मिलिंद दोन-दोन तोंडात टाकायचा. मंगलाबाई परत आल्या, दोघांची पोटं शेजारी-शेजारी बघितली आणि मला म्हणाल्या, "साडी सोडलीत कशाला? बरोबर माणसाला बांधली होती की!"

* * *

एक गोष्ट मात्र सुजाता हसण्यावारी नेत नव्हती. टाक्याच्या खालची जागा बधिर होती. तिथं डास बसला तर तिला दिसायचा, कळायचा नाही.

"अक्का, हे पोट माझं नाहीच. शिवताना कुणाचं तरी बदललंय."

"मग शोधू या की," मी म्हटलं. "तुझं ज्या बाईकडं गेलं असेल, तिला आता बसमध्ये टग्यांना शिव्या द्यायची इच्छा होत असेल!"

उशी दाबून हसली. मग हळूच म्हणाली, "सहा महिन्यांची रजा संपल्यावर मी बसमध्ये उभी राहीन काय हो? ब्रेक लागला, कुणी कोपर मारलं तर? एक हात पोटावर धरून तिकिटं कशी फाडू?"

मी उठून तिच्या न्हाणीचं पाणी तापत ठेवलं.

तेव्हापासून रोज न्हाऊ घालताना मी परीक्षा घ्यायची. "डोळे मीट. चमचा लावला की बोट?" ती म्हणायची चमचा, असायचं बोट. मी म्हणायची, "नापास! तुझी सासू चौथीत नापास, आता तूही!" असे किती दिवस गेले. एका सकाळी मी विचारायच्या आधीच ती ओरडली, "अक्का, हात किती गार आहेत तुमचे!"

मी तिला परत विचारलंच नाही. तांब्या भरून पाणी ओतत बसले.

* * *

चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. उशीवर केस, भाकरीत केस, पोरीच्या मुठीत केस. एक दिवस मोरी तुंबली. प्लंबर आला, सळई घातली, ओढली, आणि हातात एवढा मोठा काळा झुबका बघून जागच्या जागी उभा राहिला.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "आत कोण आहे?"

मी म्हटलं, "माझी पहिली सून."

सळई टाकून गेला तो! दुसरा प्लंबर बोलवावा लागला.

* * *

रजा संपली. सुजाता ड्यूटीवर गेली. उशी घरी राहिली, पण डावा हात उशीच्या जागी पोटावर. पोट अजून पाचव्या महिन्याचं दिसायचं. अमरगोळच्या मार्केटातनं टोपल्या घेऊन चढणाऱ्या भाजीवाल्या बायकांनी पोट बघितलं, हात बघितला, आणि काय ते ठरवून टाकलं. त्यांची पुढारी गंगव्वा. ती रोज सुजाताला धरून सीटवर बसवायची. "उभी राहू नको, तंगी!" म्हणजे धाकट्या बहिणीचा मान! सुजाता सांगायला तोंड उघडायची की गंगव्वा म्हणायची, "लाजू नको!"

एक दिवस पोरीला धारवाडला डोस द्यायला मी नेमकी त्याच बसला चढले. सुजातानं डोळ्यांनी दम दिला, ओळख दाखवू नका, ड्यूटी आहे. मी दाखवली नाही. देवाशपथ!

अमरगोळला बायका चढल्या, आणि आज टोपल्यांत भाजी नव्हती. हिरव्या बांगड्या, खण, नारळ, डब्यात दहीभात! चालत्या बसमध्ये गंगव्वानं सुजाताची ओटी भरायला घेतली. सुजाता एका हातानं पोट धरून गंगव्वाला "अक्कार, नाही हो, ऐका तरी" म्हणतेय, बायका बांगड्या चढवतायत, ड्रायव्हर आरशात बघत गाडी हळू चालवतोय. मी गप्प.

पण माझ्या मांडीवरची बया गप्प बसेल तर ना! आईचा आवाज ऐकून तिनं दोन्ही हात पसरून भोकाड पसरलं. आणि सुजाताचा खाकी शर्ट छातीवर दोन ठिकाणी ओला झाला.

सगळी बस बघायला लागली. गंगव्वानं माझ्याकडं वळून विचारलं, "हे मूल कुणाचं गं?"

"कंडक्टरीणबाईंचं," मी म्हटलं.

"आणि पोटात काय आहे?"

"डिंकाचे लाडू."

गंगव्वानं पोराकडं बघितलं, पोटाकडं बघितलं, परत पोराकडं बघितलं. मग हात पुढं केला. "दे माझा नारळ!"

सुजाता हसली. पुढच्या दाराला हसली तर मागच्या दाराला ऐकू जाईल, तसली हसली. ड्रायव्हरनं दचकून कचकन ब्रेक मारला, सगळ्या बायका एकमेकींवर पडल्या, आणि आमची सुजाता मधोमध उभी. एका हातात वरचा दांडा, दुसऱ्या हातात उंच धरलेला नारळ.

"देणार नाही!"