ड तुकडीचे अकरा-बारा-तेरा

मी तिसऱ्या वाक्यावर होते. विभागप्रमुख मॅडमनी माझ्या हातातला कागद काढून घेतला. ओढला नाही. अलगद काढला, लहान मुलाच्या हातातली कात्री काढतात तसा.

"राहू द्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी वाचते. उगाच मुलांचा कान बिघडायला नको."

बारावी, अ तुकडी. समोर अठ्ठावन्न मुलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी हसली, मग सगळी ओळ हसली.

"तुमचं यादीचं काम सुरेख असतं. ते करा तुम्ही."

इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. आमच्याकडे ती वीस मार्कांची. दहा मार्क ऐकण्याचे, दहा वाचण्याचे. ऐकण्याचा उतारा अ तुकडीला लॅबमध्ये हेडफोनवर ऐकवतात. त्या दिवशी लाइट गेली, लॅब बंद पडली. कोणीतरी उभं राहून उतारा वाचणं भाग होतं. विभागप्रमुख मॅडम यायच्या होत्या, म्हणून मी सुरुवात केली. त्या आल्या आणि तिसऱ्या वाक्यावर मला थांबवलं.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. मग हजेरी घेतली. दुसरं काय करणार?

एकवीस वर्षं मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते. माझं इंग्रजी चुकत नाही. व्याकरण मला झोपेत विचारा. पण बोलण्याला गाव चिकटलेलं आहे, ते निघत नाही. मराठीतलं मी घासून घासून काढलं. हाय-न्हाय गेलं, कुटं-तितं गेलं. इंग्रजीतलं राहिलं. माझं माहेर सांगोला तालुक्यातलं. वडिलांची मेंढरं होती. स्टाफरूममध्ये कोणी विचारलं तर मी म्हणते, "आमची शेती आहे." एकवीस वर्षं हेच उत्तर.

माझा अपमान झाला, हे खरं. तो मी कोणालाही सांगू शकते, ऐकणारा हळहळेल. पण त्याच दिवशी दुपारी मी जे केलं ते तसं सांगता येत नाही. ते इथे लिहिते.

आधी आमची पद्धत सांगते. तोंडीचे मार्क परीक्षेआधी ठरतात. अ तुकडी, म्हणजे इंग्रजी माध्यमातून आलेली शहरातली मुलं: अठरा ते वीस. ब आणि क: चौदा ते सतरा. ड तुकडी, म्हणजे एसटीनं येणारी, हॉस्टेलवरची, विणकरांच्या घरातली, मराठी किंवा तेलुगू माध्यमातून आलेली: अकरा ते तेरा. कारणही ठरलेलं. लेखीत कमी आणि तोंडीत जास्त पडले तर वरून विचारणा होते. म्हणून तोंडीचे मार्क आधीच लेखीच्या बेतानं द्यायचे.

पूर्वी हे सगळं तोंडी चालायचं. विभागप्रमुख मॅडम "ड ला बाराच्या आसपास" म्हणायच्या आणि ज्याला जमेल तसं तो लिहायचा. गोंधळ व्हायचा. तो गोंधळ मी मोडला. नऊ वर्षांपूर्वी मी तक्ता आखला. हजेरी क्रमांक, नाव, पेन्सिलीनं आकडा, शेजारी शाईची जागा. परीक्षेच्या आदल्या दिवशी पेन्सिल, शेवटच्या दिवशी शाई. सगळ्यांनी कौतुक केलं. मला अभिमान वाटला. कोणी सांगितलं नव्हतं, मी आपण होऊन केलं.

दुपारी ड तुकडी. पाठीमागची खोली, खिडकीबाहेर गाड्यांची पार्किंग. एकेकानं टेबलाजवळ येऊन सहा ओळींचा उतारा वाचायचा, मग सगळ्यांनी मिळून ऐकण्याचा. मी खुर्चीत बसले होते आणि कानात सकाळचं हसणं होतं. पोरं येत होती, वाचत होती. मी कागदाकडे बघत होते. दोन ओळी झाल्या की "बस, पुढचा." "बस, पुढची."

काजल आली. सावळी, उंच. वडील मेंढरं घेऊन रानोरान असतात, ती इथे आत्याकडे राहते. आत्या युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई करते. हे मला माहीत होतं, कारण प्रवेशाचे फॉर्म मीच लावते. तिनं वाचायला सुरुवात केली. जोरात, एका दमात, न थांबता. तो सूर मी ओळखला. माझाच होता, मी सतरा वर्षांची असतानाचा.

मी म्हणाले, "मेंढरं हाकल्यासारखं काय वाचतेस?"

वर्ग हसला. माझ्याकडे बघून हसला, मला साथ देऊन. मला बरं वाटलं. हे मी लिहिलंच पाहिजे. सकाळपासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

"बस. पुढची."

ऐकण्याचा उतारा मी मोबाइलवर लावला, टेबलावर ठेवला. बाहेर कोणीतरी मोटरसायकल चालू करत होतं. मागच्या तीन बाकांपर्यंत काही पोचलं नसणार. मी विचारलं नाही.

सुटल्यावर मी कागद आवरत होते. काजल दारात उभी. तिची मैत्रीण मागून ओढत होती, "आगं चल की, बस जाईल! मॅडमशी काय भांडतीस?"

"मॅडम, एक इचारू का?"

"लवकर बोल."

"उतारा सा ओळींचा हाय. मी दोनच वाचल्या. तुमी ऐकलंच न्हाय की."

"ऐकलं. कळतं आम्हाला दोन ओळींत."

"मग माज्या नावापुढं आधीच अकरा कसं काय लिवलंय? पेन्सिलनं. मी बगितलं."

मी कागद उलटा केला. उशिरा.

"मला नर्सिंगला जायाचंय, मॅडम. इंग्लिशचे मार्क बगत्यात तितं." मग आवाज न चढवता ती म्हणाली, "आन मेंढरं हाकणं सोपं न्हाय. अंधारात एकेकीचा आवाज वळखावा लागतोय. आमचा आप्पा वळखतो. तुमी माजा शेवटपतुर ऐकलाबी न्हाय."

मैत्रिणीनं तिला ओढून नेलं.

मी स्कूटर चालू केली आणि बंद केली. पार्किंगमध्ये तशीच बसून राहिले. माझे वडील आठवले. तेही ओळखायचे. चाळीस मेंढरं, कोणती ओरडली ते पाठ फिरवून सांगायचे, आणि मी लहानपणी त्यांची परीक्षा घ्यायचे. एकदाही चुकले नाहीत. त्यांच्या कामाची शिवी करून मी एका पोरीच्या तोंडावर मारली होती. कशासाठी? तर सकाळी मला लागलं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी स्टाफरूममध्ये पोचले. कोणी आलं नव्हतं. कपाटात यंदाची धरून नऊ वर्षांच्या पेन्सिलीच्या याद्या होत्या. मी काही फेकत नाही. फाइलवर वर्ष, तुकडी, सगळं लिहिलेलं. काढून टेबलावर पसरल्या.

ड तुकडी. अकरा, बारा, तेरा. अकरा, बारा, तेरा. हजेरीच्या क्रमानं, वरपासून खालपर्यंत. एकदा तेरा संपले की पुन्हा अकरा. मीच तसे भरले होते, कारण तसं लवकर होतं आणि बेरीज बरोबर येते. एका वर्षीच्या यादीत एका मुलीच्या नावापुढे बारा. ती मुलगी जानेवारीतच लग्न होऊन गेली होती, परीक्षेला आलीच नव्हती. बारा. शाईनं. खाली माझी सही.

एक नाव मी बोटानं दाबून धरलं. त्या पोरानं वर्गात एकदा अख्खा धडा पाठ म्हणून दाखवला होता. त्याच्या वाट्याला अकरा आले होते, कारण त्याचा क्रमांक एकतीस होता.

विभागप्रमुख मॅडम आल्या. "झाली का शाई? चार वाजता पाकीट सील करायचंय."

"ड तुकडीची परीक्षा झालेली नाही," मी म्हणाले.

"काल झाली ना?"

"मी ऐकलं नाही कोणाचं."

त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. "कालचं मनाला लावून घेतलंत का? अहो, चांगल्यासाठीच म्हटलं मी."

"लावून घेतलंय. तुमचं नाही, माझंच."

त्यांना कळलं नाही. मी समजावत बसले नाही. हिशेब मी आधीच केला होता. बावन्न मुलं, प्रत्येकी तीन मिनिटं, अडीच तासांच्या वर थोडं. ऐकण्याच्या उताऱ्याला अर्धा तास. अकराला सुरू केलं तर अडीचला संपेल.

"आणि मी शाई लावणार नाही," मी म्हणाले. "परीक्षा घेतल्याशिवाय एकाही नावापुढे नाही. तुम्हाला लावायची असेल तर सही तुमची करा."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू टेबलच बोललं.

"आमच्या वेळी असं नव्हतं हो," एवढंच म्हणाल्या आणि प्राचार्यांकडे गेल्या.

तिकडून काही येण्याची वाट न बघता मी तुकडीच्या ग्रुपवर निरोप टाकला. पावणेअकरापर्यंत सत्तेचाळीस जमले. चारजण धावतपळत बाराला आले. एक मुलगी टेंभुर्णीला मामाकडे गेली होती. तिचं वाचन मी फोनवर ऐकलं. मागे हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न होते. मी तिला दोनदा वाचायला लावलं, सहाच्या सहा ओळी, आणि ऐकण्याचा उताराही फोनवरच वाचून दाखवला.

सुरुवातीला मी फळ्याजवळ उभी राहिले. बोलायचं पाठ केलं होतं, ते आठवलं नाही.

"काल मी काजलला जे म्हणाले ते चुकीचं होतं," मी म्हणाले. "माझ्या वडिलांची मेंढरं होती. मी त्या घरातली आहे. मी तिची माफी मागते, आणि तुमची पण. काल मी कोणाचंच ऐकलं नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. काजल माझ्याकडे बघत होती. माफ केलं असं तिच्या तोंडावर काही नव्हतं.

"वाचू का आता?" ती म्हणाली.

तिनं वाचलं. तीन ठिकाणी अडखळली. एक शब्द सोडला. अर्थ विचारला तर सगळा सांगितला, मराठीत सुरुवात करून इंग्रजीत नेला. सगळ्यांचं वाचून झाल्यावर, पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या बंद आहेत याची खात्री करून ऐकण्याचा उतारा मी स्वतः वाचला. दोनदा. माझ्याच आवाजात, सांगोल्यासकट. पाच प्रश्न होते. काजलची पाचही उत्तरं बरोबर होती. ऐकण्याचे दहा, वाचण्याचे सहा. सोळा. एक जास्त दिला नाही, एक कमी दिला नाही.

सगळ्यांचं भलं झालं असं नाही. एकाला आठ पडले. पेन्सिलीत त्याला बारा होते. तो म्हणाला, "मॅडम, आदीचंच बरं होतं की!" वर्ग हसला, मीही हसले, आणि आठच लिहिले. पुढचे तीन शनिवार त्याला आणि आणखी अकराजणांना मी बसवलं. मार्क बदलले नाहीत. लेखीला उपयोग झाला असेल, नसेल.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी शाई पूर्ण झाली. प्राचार्यांनी विचारलं, "यंदा ड चा तक्ता असा वरखाली का दिसतोय?"

"कारण मुलं अशी आहेत," मी म्हणाले.

त्यांनी सही केली. पाकीट गेलं.

मला वाटलं होतं मोकळं वाटेल. वाटलं नाही. एका वर्षाच्या बावन्न मुलांचं मी ऐकलं. आधीच्या आठ याद्यांतल्या मुलांचं कोण ऐकणार? ती आता कुठे आहेत मला माहीत नाही. कोणाचा प्रवेश एका मार्कानं हुकला असेल. कोणाला वाटत असेल आपल्याला इंग्रजी येतच नाही, कागदावर लिहून दिलंय कॉलेजनं. ते कॉलेजनं नाही, मी लिहून दिलं. अ तुकडीसमोर माझा कागद काढून घेणाऱ्या बाईचा मला राग आहे, अजून आहे. पण त्यांनी माझी तीन वाक्यं तरी ऐकली होती.

पुढच्या सोमवारी मी प्राचार्यांना पत्र दिलं. त्यात लिहिलं की तोंडीचे मार्क परीक्षेआधी ठरतात, ही पद्धत माझ्या तक्त्यानं पक्की झाली, आणि आधीच्या आठ वर्षांत ड तुकडीच्या एकाही मुलाचं मी पूर्ण ऐकलेलं नाही. सोबत याद्यांच्या प्रती जोडल्या. विभागप्रमुख मॅडमनी मला बाजूला घेतलं. "अहो, सह्या सगळ्या तुमच्या आहेत. तुम्हीच अडकाल."

"म्हणून तर मीच देतेय," मी म्हणाले.

मला नोटीस आली आहे. उत्तर द्यायचं आहे, ते देईन. खोटं काही लिहायचं नाही, त्यामुळे वेळ लागणार नाही.

पुढच्या वर्षाचंही लेखी कळवलं आहे. ड तुकडीची तोंडी पहिल्या दिवशी, सकाळी, लॅबमध्ये, हेडफोनवर. अ तुकडी त्यांच्यानंतर. लॅब दिली नाही तर मी परीक्षा घेणार नाही, आणि का घेतली नाही ते पालकांना बोलावून सांगेन, माझ्या गावाकडच्या मराठीत, त्यांना कळेल अशा. निवृत्तीला अकरा वर्षं आहेत. तोवर ज्याचं शेवटपर्यंत ऐकलं नाही त्याला माझ्या हातून मार्क पडणार नाहीत. मला काढून टाकायचं असेल तर आत्ताच काढा.